मास्लेनित्सा रंगवायला घेताना

रशियन चित्रकार बोरिस कुस्तोदिएवचं १९१६ सालचं ‘मास्लेनित्सा’ हे बर्फातल्या सणाचं चित्र समोर ठेवून कोल्हापुरातला विद्यार्थी जलरंगात नक्कल करायला बसला, की बर्फाची जागा तो कोरी सोडतो. कागद पांढरा, बर्फ पांढरा, मग रंग कशाला वाया घालवायचा! चित्र पुरं होतं तेव्हा घोडे, माणसं, चर्चचे घुमट सगळं जागच्या जागी असतं, पण पायाखाली जमीन नसते. कातरकाम करून चिकटवल्यासारखी माणसं अधांतरी दिसतात. मग दोष रेखाटनाला दिला जातो. रेखाटन बहुतेक वेळा ठीकच असतं. चूक झालेली असते ती बर्फाकडे रिकामी जागा म्हणून बघण्यात.

या चित्रांत बर्फ हा प्रकाशाचा दुसरा उगम आहे. ताजा बर्फ अंगावर पडलेल्या उजेडापैकी ८० ते ९० टक्के उजेड परत फेकतो. आपली काळी माती आणि बेसॉल्टचा दगड उजेड पिऊन टाकतात. आपल्याकडे उजेड वरून येतो आणि जमिनीत जिरतो, तिथं तो वरून येतो आणि खालूनही येतो. एवढी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली, की या चित्रांतले निम्मे प्रश्न सुटतात.

आधी सणाबद्दल थोडं, कारण प्रसंगच चुकीचा धरला तर पुढचं सगळं चुकतं. मास्लेनित्सा म्हणजे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांच्या ईस्टरपूर्व मोठ्या उपवासाआधीचा आठवडा. ईस्टरवरून मागे मोजतात, म्हणून तारखा दरवर्षी सरकतात. २०२६ मध्ये हा आठवडा १६ ते २२ फेब्रुवारीचा. या आठवड्यात मांस बंद, पण लोणी, दूध, अंडी आणि मासे चालतात. म्हणून घरोघरी ब्लिनी, म्हणजे लोण्यानं माखलेली पातळ धिरडी. प्रत्येक वाराचा वेगळा रिवाज आहे. बुधवारी सासू जावयाला ब्लिनी खायला बोलावते आणि शुक्रवारी जावयानं सासूचा पाहुणचार करायचा असतो. गुरुवारपासून कामधंदा थांबतो आणि सगळं गाव रस्त्यावर येतं. रविवारी एकमेकांची क्षमा मागायची आणि गवताचं बुजगावणं जाळायचं.

आपल्याकडे होळीची सवय असल्यामुळं नक्कल करताना मधे कुठंतरी जाळ घालायचा मोह होतो. तो टाळावा. कुस्तोदिएव, सूरिकोव आणि कोन्स्तांतीन माकोव्स्की या तिन्ही रशियन चित्रकारांच्या प्रसिद्ध चित्रांत बुजगावणं जळताना दिसत नाही. त्यांचा विषय रस्त्यावर उतरलेली गर्दी हा आहे. मोठ्या बर्फात नारिंगी ज्वाळा टाकली की नजर तिथंच अडकते आणि बाकीचं चित्र मरतं.

आता सूर्य. सेंट पीटर्सबर्ग ६० अक्षांशाजवळ आहे. या आठवड्यात तिथं भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १८ ते २० अंश वर चढतो. त्याच दिवशी कोल्हापुरात तो ६० अंशांच्या वर असतो. पावणेसहा फुटी माणसाची दुपारी बाराची सावली आपल्याकडे सुमारे तीन फूट पडते, तिथं ती १६ ते १८ फूट लांब जाते. म्हणजे आपण संध्याकाळ म्हणतो तसल्या तिरप्या उजेडात तिथं दुपारची जत्रा भरते. सूर्यकिरण हवेच्या जाड थरातून येतात, वाटेत निळा विखरून जातो आणि उरतो पिवळा, गुलाबी उजेड. कुस्तोदिएवच्या आभाळातला लिंबोणी, हिरवट, गुलाबी पट्टा बघून अनेकांना ती चित्रकाराची हौस वाटते. रंग त्यानं चढवलेत हे खरं, पण पाया निसर्गातच आहे. सावल्या निळ्या दिसतात त्याचं कारण असं, की जिथं सूर्य पोचत नाही तिथं फक्त आभाळाचा उजेड पोचतो आणि बर्फ तो जसाच्या तसा परत देतो.

चित्राची बांधणी कशी करायची, ते जरा सविस्तर सांगतो. सेंट पीटर्सबर्गच्या रशियन म्युझियममधल्या १९१६ च्या चित्राची रुंदी उंचीच्या दुपटीहून थोडी जास्त आहे. १५ बाय २२ इंचाचा कागद घेतला तर त्यावर साडेनऊ बाय वीसची चौकट आखावी. उरलेल्या पट्टीवर रंगांची चाचणी घेता येते आणि ती लागतेच. क्षितिज चौकटीच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्याजवळ धरा. बघणारा उंचवट्यावर उभा आहे, ही या चित्राची किल्ली.

उंचावरून गर्दी काढताना एक साधा नियम फार उपयोगी पडतो. डोळा जमिनीपासून माणसाच्या उंचीच्या चौपट वर आहे असं ठरवलं, तर सपाट जमिनीवरच्या प्रत्येक माणसाचं पाऊल क्षितिजापासून त्याच्या स्वतःच्या उंचीच्या चौपट खाली येतं. जवळचा माणूस दीड इंच असेल तर त्याचं पाऊल क्षितिजाखाली सहा इंच. लांबचा पाव इंच असेल तर एक इंच. कुठंही माणूस ठेवा, हे गुणोत्तर मोजा. नेहमी चुकतं ते इथं: जमीन उंचावरून बघितलेली आणि माणसांची डोकी मात्र सगळी क्षितिजाच्या रेषेवर. ते रंकाळ्याच्या काठावर उभं राहून रेखाटन करायच्या सवयीतून येतं, कारण जमिनीवर उभं असताना डोकी खरोखरच क्षितिजावर येतात. उतारावरची माणसं या नियमात बसत नाहीत. तिथं आधी उताराची कड आखून घ्यावी आणि मग माणसं.

उतार दाखवायला कुस्तोदिएव घसरगाड्यांच्या चाकोऱ्या वापरतो. बर्फावर दोन समांतर रेषा वळत वळत जातात आणि जमीन कुठं चढते, कुठं खोल जाते ते सांगतात. विद्यार्थी त्या शेवटी शोभेसाठी ओढतात. त्या पहिल्यांदा, पेन्सिलीनं, माणसांच्याही आधी आखायच्या असतात.

खोलीसाठी त्याची पद्धत रंगमंचाच्या पडद्यांची आहे. पुढं एक थर, मधे गर्दीचा थर, मागं गाव, त्यामागं आभाळ, आणि थरांच्या मधोमध झाडांची कड. कुस्तोदिएव नाटकांसाठी नेपथ्य करत असे. कोल्हापूरकराला ही पद्धत परकी वाटायचं कारण नाही. आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांचा हात नाटक कंपन्यांचे पडदे रंगवूनच तयार झाला होता. एक पडदा दुसऱ्याच्या मागं कसा सरकवायचा, ही समज या गावाच्या चित्रकलेत मुरलेली आहे.

आणि हे चित्र जागेवर बसून केलेलंच नाही. कुस्तोदिएवचा जन्म १८७८ चा, व्होल्गा नदीकाठच्या आस्त्राखानचा. मणक्याच्या आजारानं तो बरीच वर्षं त्रस्त होता आणि १९१६ च्या शस्त्रक्रियेनंतर त्याचे पाय कायमचे गेले. पुढची अकरा वर्षं, म्हणजे मरेपर्यंत, त्यानं चाकाच्या खुर्चीतून काम केलं. १९१९ आणि १९२० सालच्या मास्लेनित्सा त्या खुर्चीतून आलेल्या आहेत. व्होल्गाकाठची निरनिराळी गावं, घुमट, दुकानांच्या पाट्या हे सगळं आठवणीतून उचलून त्यानं एकत्र मांडलं. म्हणून चित्रातलं गाव नकाशावर शोधू नये. शाल्यापिन या गायकाचं १९२१ चं मोठं व्यक्तिचित्र रंगवताना कॅनव्हास त्याच्या डोक्यावर तिरपा टांगलेला असे. त्यात फरचा कोट घातलेला शाल्यापिन उंचवट्यावर उभा आहे आणि त्याच्यामागं, खूप खाली, मास्लेनित्साची जत्रा भरलेली आहे. मधला थर त्यानं जवळजवळ गाळून टाकलाय. थेट मोठ्यावरून अगदी बारीकवर उडी, आणि तरीही अंतर पटतं, कारण मागच्या सगळ्या जत्रेत शाल्यापिनच्या कोटाइतका गडद रंग कुठंच नाही. हे चित्र मला त्याच्या सगळ्या मास्लेनित्सांपेक्षा धाडसी वाटतं.

रंगाला लागताना आभाळ आधी. कागद दोन्ही बाजूंनी ओला करून बोर्डावर टेपनं बसवा. खालून सुरुवात: लेमन यलोचा पातळ हात आणि त्यात क्रिमसनचा अगदी किंचित अंश, वर जाताना कोबाल्ट मिसळत जा. पिवळ्यात निळा मिसळल्यावर हिरवट झाक येते. एरवी ती नको असते, इथं हवीच आहे. मार्च-एप्रिलच्या आपल्या कोरड्या हवेत हा हात पुरा व्हायच्या आत कागद सुकतो आणि आडवी कडक रेघ उमटते. सकाळी लवकर बसा, पंखा बंद ठेवा आणि रंगाच्या वाटीत ग्लिसरीनचे एक-दोन थेंब घाला. जास्त घातलं तर रंग चिकट राहतो आणि पुढचा थर त्यावर बसत नाही. पावसाळ्यात ग्लिसरीनला हातच लावू नका.

बर्फासाठी पोस्टर रंग किंवा ग्वाश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, बरे. तीन छटा आधीच वाटीत कालवून ठेवायच्या. उन्हातल्या बर्फाला पांढरा दहा भाग, यलो ऑकर अर्धा भाग आणि व्हर्मिलियनचं नुसतं टोक. मधल्या छटेला पांढरा सहा, कोबाल्ट ब्लू एक, क्रिमसन पाव. सावलीला पांढरा तीन, अल्ट्रामरीन एक, बर्न्ट सिएना पाव. सिएना नसेल तर सावली प्लास्टिकसारखी निळी होते. पाव भागापेक्षा जास्त झाला तर चिखल. या प्रमाणांना चिकटून बसू नका, पण सुरुवात इथून करा. पोस्टरचे फिके रंग सुकल्यावर थोडे गडद होतात आणि गडद रंग थोडे फिके. म्हणून ओल्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही. बाजूच्या पट्टीवर लावून, पूर्ण सुकवून मगच ठरवा.

आधी सगळ्या जमिनीवर मधली छटा. मग सावल्या, सगळ्या एकाच दिशेला आणि लांब. उन्हाची छटा शेवटी आणि थोडी. शुद्ध पांढरा तर चित्राच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी ठेवा: छपराची कड, चाकोरीचा उन्हाकडचा काठ, झाडावरचं गोठलेलं दहिवर. पांढरा राखून ठेवला तरच तो चमकतो.

दहिवर धरलेली झाडं कुस्तोदिएवची खासियत आहे आणि नक्कल करणाऱ्याची परीक्षाही. झाड आभाळासमोर असेल तिथं ते थोडं निळसर, गडद दिसतं. तेच झाड काळपट भिंतीसमोर आलं की पांढरं दिसतं. एकाच झाडाला दोन वागणुकी. आधी फांद्यांचा गडद सांगाडा, तोही पातळ; तो सुकल्यावर कोरड्या, पसरट ब्रशनं मधल्या छटेचा हलका हात; अगदी शेवटी कडांना पांढरा. ब्रश ओला असेल तर कापसाचे बोळे तयार होतात.

गर्दी काढताना एकेक माणूस काढू नये. आधी पाच-सात घोळके, प्रत्येकाची बाहेरची कड वेगळी, गडद तपकिरी आणि काळसर निळ्यात. मग त्यातून डोकी उचला. मग रंग. मास्लेनित्साची चित्रं फार रंगीत असतात अशी आपली आठवण असते, पण डोळे बारीक करून बघा: बहुतेक कोट मातकट, काळपट आहेत. तांबडी शाल एखाद्या घोळक्यात एकच असते आणि ती निळसर बर्फाला टेकते म्हणून पेटते. दहा तांबड्या शाली घातल्या तर एकही दिसत नाही.

चेहऱ्यांवर खालून येणारा उजेड विसरायचा नाही. हनुवटीखाली, नाकाखाली, टोपीच्या काठाखाली आपण सवयीनं बर्न्ट अंबर भरतो. बर्फावर तिथं निळसर-गुलाबी, बऱ्यापैकी उजळ छटा असते. पायांजवळ उलटं करायचं: बूट आणि सावली यांच्यामधे रेघ ठेवू नका, दोन्ही एकमेकांत मिसळू द्या. माणसं जमिनीवर टेकतात ती यानंच.

घोड्यांच्या बाबतीत आपल्या गावाची नजर तयार आहे, तरी त्रोइका या तीन घोड्यांच्या रशियन गाडीची मांडणी वेगळी आहे. तीन घोडे शेजारी शेजारी. मधला दुडक्या चालीनं पळतो; बाजूचे दोघं चौखूर उधळतात आणि त्यांच्या माना बाहेरच्या बाजूला वळलेल्या असतात. मधल्या घोड्याच्या मानेवर जी लाकडी कमान दिसते ती फक्त त्याचीच असते, कारण गाडीच्या दोन दांड्या त्यालाच जोडलेल्या असतात. तिन्ही घोड्यांवर कमानी काढल्या तर रशियन प्रेक्षक हसेल. लगाम चार: मधल्याचे दोन, बाजूच्या दोघांचा बाहेरचा एकेक. तिघांचे पाय सारखेच काढले की वेग संपतो.

वसिली सूरिकोवचं १८९१ चं ‘बर्फाचा किल्ला सर करताना’ हे त्याच सणाचं, पण स्वभावानं अगदी निराळं चित्र. कॅनव्हास दीड मीटरहून जास्त उंच आणि पावणेतीन मीटरहून जास्त रुंद. सूरिकोव सैबेरियातल्या क्रास्नोयार्स्कचा, कोसॅक या लढवय्या घोडेस्वार समाजातल्या घराण्यातला. १८८८ मध्ये बायको वारली तेव्हा तो खचला. मग गावी परत गेला आणि तिथं हा खेळ रंगवला. बर्फाची भिंत रचून त्यावर पाणी ओततात, ती गोठून दगडासारखी होते. स्वार घोडा घालून ती फोडायला धावतो आणि बाजूचे लोक डहाळ्या हलवून, ओरडून घोडा बुजवतात. चित्रात घोडा भिंत फोडून नेमका बाहेर पडतोय आणि बर्फाची ढेकळं उडतायत. उजव्या बाजूला घसरगाडीवर अंथरलेला फुलांचा गालिचा आहे. गालिच्याच्या गडद जमिनीवरची ती फुलं बाजूच्या बर्फाला आणखी थंड करतात. इथं ऊन नाही, ढगाळ उजेड आहे, त्यामुळं लांब निळ्या सावल्याही नाहीत. बर्फ राखी, जांभळट, तुडवलेला. कुस्तोदिएवच्या तीन छटा जशाच्या तशा इथं लावल्या तर चित्र खोटं होईल. पांढऱ्यात अल्ट्रामरीन आणि सिएना जवळजवळ सारखे घ्या, क्रिमसन कमी करा, आणि फरक छटेपेक्षा ब्रशच्या फटक्यात दाखवा.

माकोव्स्कीचं १८६९ चं चित्र शहरातलं: पीटर्सबर्गच्या अ‍ॅडमिरल्टी चौकातली जत्रा, सव्वातीन मीटरच्या आसपास रुंद. इथं आपण उंचावर नाही, जत्रेतच उभे आहोत. त्या चौकात लाकडाची तात्पुरती नाट्यगृहं उभी राहत, त्यांना बलागान म्हणतात. पुढं १८७० च्या दशकात तिथं बाग झाली आणि जत्रा दुसऱ्या मैदानावर गेली. चित्रकार आलेक्सांद्र बेनुआनं १९११ मध्ये संगीतकार स्त्राविन्स्कीच्या ‘पेत्रुश्का’ या बॅलेसाठी नेपथ्य केलं ते याच चौकातल्या १८३० च्या दशकातल्या जत्रेचं. बर्फाच्या घसरगुंड्या काढायच्या असतील तर त्यांची रचना माहीत हवी: उंच लाकडी माच, त्यावर बर्फाच्या लाद्या, वरून पाणी ओतून सांधे बुजवलेले. अशा दोन घसरगुंड्या समोरासमोर बांधत, म्हणजे एकीवरून घसरत गेलं की दुसरीच्या जिन्यापाशी पोचता येई. एकच घसरगुंडी रिकाम्या मैदानात काढणं रचनेलाही मारक.

साहित्यातल्या दोन अडचणी उरल्या. पोस्टर रंगातला गर्द गुलाबी आणि क्रिमसन वरच्या पांढऱ्यातून फुटून वर येतो, कितीही थर दिले तरी. म्हणून शाली आणि झेंडे बर्फ पुरा झाल्यावरच, आणि बर्फावर सांडलेला गुलाबी पांढऱ्यानं झाकायला जाऊ नका, ओल्या ब्रशनं उचला. दुसरं, इंटरनेटवरच्या प्रतींचे रंग एकमेकींशी जुळत नाहीत. एकाच चित्राची दोन-तीन चित्रं शेजारी लावा, मोबाइलमध्ये कृष्णधवल करा आणि आधी फक्त गडद-फिका एवढाच आराखडा पोस्टकार्डाएवढ्या कागदावर करा. रंगांत मतभेद असले तरी या आराखड्यात फारसे नसतात.

नक्कल झाल्यावर हीच पद्धत आपल्या विषयाला लावायची असेल तर जोतिबाची चैत्र यात्रा घ्या. तिथं जमीन, पायऱ्या, माणसं सगळी गुलालानं माखलेली असतात आणि गुलालही खालून रंग फेकतो: पांढऱ्या सदऱ्याच्या सावलीत, हनुवटीखाली, देवळाच्या दगडाच्या खालच्या अंगाला गुलाबी चढतो. जमिनीची मधली छटा आधी, तीही शुद्ध गुलाबी नाही, थोडा ऑकर आणि राखी घालून. भडक गुलाबी फक्त उधळण चालू आहे तिथं. सासनकाठ्या उभ्या रेघांचं काम करतात, तेच जे कुस्तोदिएवकडे घुमट आणि मनोरे करतात. त्या सारख्या अंतरावर ठेवू नका. सूर्य चैत्रात जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळं लांब सावल्या मिळणार नाहीत. खोली घोळक्यांच्या कडांनी आणि हवेतल्या गुलालाच्या पडद्यानं आणावी लागेल: मागचा थर फिका, गुलाबीकडे झुकलेला, पुढच्या थरात देवळाचा काळा दगड. डोळा चौपट उंचीवर धरून पायऱ्यांच्या वरच्या टोकावरून पहिला आराखडा करा.